साबणाचा फुगा: बघायचा कसा, टिपायचा कसा, कागदावर उतरवायचा कसा

साबणाच्या फुग्यांवर काम करायला मुंबईत जून ते सप्टेंबरइतका चांगला काळ नाही. फुगा फुटतो त्याची मुख्य कारणं दोन. त्याच्या पापुद्र्यातलं पाणी खाली ओघळतं, आणि जे उरतं ते हवेत उडून जातं. पावसाळ्यात आपल्या हवेत आधीच इतकी ओल असते की दुसरं कारण जवळजवळ निकालात निघतं. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्याच हवेत फुगा मात्र मिनिटभर टिकतो.

पण फुगा किती वेळ टिकला यापेक्षा तो पातळ कसा होत गेला, हे बघणं मला महत्त्वाचं वाटतं. त्याचे रंग, त्याचा फोटो, फेसाची कागदावरची छाप, तारेच्या चौकटीत होणारे आकार, हे सगळं त्या पापुद्र्यातून पाणी कुठून निघतं आणि कुठे साचतं यावर ठरतं. एकदा ते दिसायला लागलं की चांगला फोटो नशिबाने मिळायची वाट बघावी लागत नाही.

आधी पाणी जमवा

रोजच्या कामाचं प्रमाण: एक लिटर पाणी, १०० मिलि भांडी घासायचं लिक्विड आणि ५० मिलि ग्लिसरीन. ग्लिसरीन कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. जास्त लागणार असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत स्वस्त पडतं. ते पाणी धरून ठेवतं, उडू देत नाही. म्हणून भर पावसाळ्यात निम्मं पुरतं, आणि जानेवारीच्या कोरड्या सकाळी थोडं जास्त घालावं लागतं.

पाणी कोमट घ्या. आधी ग्लिसरीन विरघळवा, लिक्विड सगळ्यात शेवटी घाला आणि चमचा अगदी सावकाश फिरवा. फेस होता कामा नये. वर आलेला फेस चमच्याने काढून टाका, कारण फेसातून ओढलेला पापुद्रा त्या लहान लहान बुडबुड्यांना अडखळून फाटतो. मग टोपावर झाकण ठेवून पाणी रात्रभर तसंच राहू द्या. ताज्या पाण्यात आणि मुरलेल्या पाण्यात फरक असतो, तो पहिल्याच फुंकरीला कळतो.

पाणी कुठलं आहे यानेही फरक पडतो. भातसा, तानसा, वैतरणा या तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी मऊ असतं, ते सरळ वापरा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला अडवतं. तिथे फिल्टरचं पाणी घ्या. आठवडाभर पाऊस पडून हवा धुतली गेली की गच्चीवर स्वच्छ बालदी ठेवून धरलेलं पावसाचं पाणीही उत्तम.

रिठ्याचाही एक प्रयोग करून बघा. आठ-दहा रिठे फोडून रात्रभर भिजवले की सकाळी दाट, चिवट फेस मिळतो. त्याचे फुगे लहानच होतात, पण फेस बराच वेळ बसत नाही, त्यामुळे छापकामाला तो चांगला. फुंकायला पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्या, गावाकडची मुलं हीच नळी वापरत आली आहेत. कोकणात मोगली एरंडाच्या देठातल्या चिकाचेही फुगे काढतात. तो चीक विषारी असतो, तेव्हा लहान मुलांच्या हाती तो देऊ नका.

रंग वाचायला शिका

कॅमेरा हातात घेण्यापूर्वी हा सराव कराच. जाड तारेची १० सेमी व्यासाची कडी करा आणि तिच्यावर सुती दोरा गुंडाळा. दोरा पाणी धरून ठेवतो आणि पापुद्र्याला पुरवत राहतो. कडी पाण्यात बुडवून हळूच बाहेर काढा आणि उभी धरा. मागे काळं कापड, समोर खिडकी. पंखा बंद. आता फक्त बघत राहा.

सुरुवातीला फारसं काही दिसत नाही, फिकट गुलाबी आणि हिरवट पट्टे एवढंच. पापुद्रा तेव्हा जाड असतो. मग पाणी खाली ओघळायला लागतं, वरचा भाग पातळ होतो आणि रंग गडद होत जातात. कडीच्या वरच्या काठाजवळ त्यांचा क्रम ठरलेला असतो: गुलाबी-लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी-सोनेरी, मग रुपेरी पांढरा आणि शेवटी काळा. एकेक रंग वर उगवतो आणि पट्टा होऊन खाली सरकतो.

यात रंगद्रव्य कुठलंच नाही. पापुद्र्याच्या पुढच्या बाजूवरून थोडा प्रकाश परततो, मागच्या बाजूवरून थोडा. हे दोन भाग एकमेकांत मिसळताना काही रंग वाढतात आणि काही एकमेकांना पुसून टाकतात. कुठला वाढेल आणि कुठला पुसला जाईल, ते जाडीवर अवलंबून असतं. लाल दिसतो तिथे जाडी साधारण ३६५ नॅनोमीटर असते, हिरवा तिथे ३००, निळा तिथे २५०, आणि रुपेरी पांढरा १०० च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून पापुद्रा केवढा नाजूक ते समजेल. म्हणजे फुग्याचा रंगीत फोटो हा त्याच्या जाडीचा नकाशा असतो.

काळा भाग बघून पुष्कळांना तिथे भोक पडलंय असं वाटतं. तिथे पापुद्रा असतोच, पण ३० नॅनोमीटरच्याही आतला. पुढच्या बाजूवरून परतताना प्रकाशाची लाट उलटते, मागच्या बाजूवरून परतताना उलटत नाही. इतक्या कमी जाडीत त्या दोन लाटा एकमेकींना जवळपास पूर्ण संपवतात. न्यूटनने हे काळे डाग बारकाईने पाहून ठेवले होते, आणि सगळ्यात पातळ काळ्या पापुद्र्याला आजही त्याचंच नाव आहे. त्या काळ्याची कड अगदी धारदार असते. फोटोसाठी सर्वांत सुंदर वेळ तीच, कारण आता फुटायला फार अवकाश नसतो आणि सगळे रंग एकाच वेळी पापुद्र्यावर हजर असतात.

हा क्रम दहा-पंधरा वेळा डोळ्यांखालून गेला की बटण कधी दाबायचं ते आपोआप कळतं.

घरातला फोटो

साबणाचा पापुद्रा आरशासारखा वागतो. त्यावर टॉर्च मारला तर टॉर्चचा एक ठिपका दिसेल आणि बाकी सगळं अंधारात जाईल. रंग हवे असतील तर प्रकाशाचा स्रोत मोठा आणि मऊ लागतो. खिडकीवर पांढरी चादर किंवा बटर पेपर ताणून लावा. रात्री काम करायचं असेल तर एलईडी दिवा बटर पेपरच्या मागे हातभर अंतरावर ठेवा, म्हणजे अख्खा कागद उजळतो आणि पापुद्र्यात त्या कागदाचंच प्रतिबिंब पडतं.

आता कोन जमवायचा. उजेड ज्या कोनात पापुद्र्यावर पडतो त्याच कोनात परततो, म्हणून कॅमेरा त्या परतीच्या वाटेवर हवा. उजेड डावीकडे, कॅमेरा उजवीकडे, कडी मध्ये किंचित वळवलेली. डोळ्याने बघत कडी फिरवत राहा. एका जागी पापुद्रा एकदम रंगांनी भरून जाईल, तिथेच ती घट्ट बसवा. मागचं कापड काळं आणि न चमकणारं असावं, मखमल सर्वांत बरी. तिच्यावर उजेड पडू देऊ नका, नाहीतर रंग फिके पडतात.

मोबाइल असेल तर पापुद्र्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, आणि उजेड थोडा कमी करा. मोबाइल काळी पार्श्वभूमी उजळवायला जातो आणि त्या नादात रंग धुऊन टाकतो. कॅमेरा असेल तर मॅक्रो लेन्स, फोकस हाताने, एफ ८ ते ११, शटर १/१२५ किंवा त्याहून वेगवान, आणि त्याला जुळेल तो आयएसओ. वापरलेल्या मॅक्रो लेन्ससाठी फोर्टच्या बोरा बाजारात चक्कर मारा. तिथे लेन्स हातात घेऊन, आपल्या कॅमेऱ्याला लावून बघता येते.

कडी पूर्ण उभी धरली की आडवे पट्टे मिळतात. जवळपास आडवी धरली तर पापुद्रा जास्त टिकतो आणि रंग ढगांसारखे पसरतात. अशा वेळी स्ट्रॉने कडेकडून अगदी हलकी फुंकर मारा, रंगांचे भोवरे फिरायला लागतील. फुंकर थांबल्यावर दोन-तीन सेकंद भोवरे चालू राहतात, फोटो तेव्हा घ्या. फुंकर चालू असताना घेतला तर पापुद्रा थरथरतो आणि सगळं अस्पष्ट येतं.

फुटतानाचा क्षण टिपायची हौस बहुतेकांना असते. त्याचं गणित असं. एक हजार नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा फाटताना त्याची कड सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाने पळते, त्याहून पातळ असेल तर आणखी वेगाने. १० सेमीचा फुगा या हिशेबाने सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतो. मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये त्याच्या पाचेक फ्रेम मिळतात, आणि त्यातल्या एक-दोन बघण्यासारख्या असतात: अर्धा फुगा गायब आणि उरलेला अर्धा अजून पूर्ण गोल, कारण आपण फुटलोय याची खबर त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. स्थिर फोटोत कड स्वच्छ हवी असेल तर अंधाऱ्या खोलीत, कमी ताकदीवर लावलेल्या फ्लॅशने घ्या. फोडायला कोरडं बोट किंवा टोकदार काडी हवी. ओलं बोट फुग्यातून सरळ आरपार जातं, फुगा फुटत नाही. त्याचाही एक फोटो घेऊन ठेवा.

बाहेर, समुद्राकाठी

फुग्याच्या पृष्ठभागावर एकाच दृश्याची दोन प्रतिबिंबं पडतात. पुढची बाजू फुगीर आरसा होते, तिच्यात दृश्य सुलट दिसतं. मागची बाजू आतून खोलगट आरसा होते, तिच्यात तेच दृश्य उलटं. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींची रांग यासाठी फार देखणी आहे. एका फुग्यात वर एक रांग आणि खाली तीच उलटी, दोन्ही कमानीसारख्या वाकलेल्या.

प्रतिबिंबात इमारती हव्या असतील तर पाठ इमारतींकडे आणि कॅमेरा समुद्राकडे असला पाहिजे. सूर्यास्ताच्या तासभर आधी इमारतींवर सोनेरी ऊन असतं, तीच वेळ धरा. तेव्हा वारा समुद्रावरून येत असतो, म्हणून फुगे सोडणाऱ्याला कट्ट्याजवळ उभं करा आणि तुम्ही चार-पाच पावलं मागे राहा, फुगे आपोआप तुमच्याकडे येतील. कॅमेरा किंचित खाली झुकवा. फुग्यामागे उजळ आकाश आलं तर प्रतिबिंब दिसणारच नाही, टेट्रापॉडच्या (लाटा अडवायला काठाशी टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) सावलीचा काळोख मागे आला तर ते उठून दिसेल. हे काम पावसाळ्यानंतरचं. पावसाळ्यात भरतीच्या वेळी कट्ट्याजवळ जाऊच नका. त्या दिवसांत पाऊस थांबल्यावर गच्ची किंवा शिवाजी पार्कचं मैदान बरं.

साबणाचं पाणी सांडलं की फुटपाथ निसरडा होतो. सोबत साध्या पाण्याची बाटली ठेवा आणि निघण्यापूर्वी जागा धुऊन काढा. रेल्वेचे पूल, जिने, फलाट इथे हे मुळीच करू नका.

रंगवायचा असेल तर

फ्रेंच चित्रकार शार्दँने १७३३-३४ च्या सुमारास खिडकीच्या कट्ट्यावर वाकून फुगा फुंकणारा मुलगा रंगवला. त्या चित्राच्या तीन आवृत्त्या आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत. फुगा कसा रंगवावा याचा तो वस्तुपाठ आहे. फुगा जवळजवळ रिकामा आहे. रंग आणि उजेड काठाशी, मध्ये मागचा अंधार तसाच दिसतो. नवखा माणूस उलट करतो, सप्तरंग मधोमध भरतो, आणि मग फुगा काचेच्या गोटीसारखा जड दिसायला लागतो.

जलरंगात करायचं तर आधी गडद पार्श्वभूमी पूर्ण करून वाळू द्या. वाटी उलटी ठेवून फिकट पेन्सिलने वर्तुळ काढा. ओल्या ब्रशने काठाच्या आतला रंग थोडा उचला, काठाकडे जास्त आणि मध्याकडे कमी. खिडकीचं प्रतिबिंब दोनदा काढा, वर एका बाजूला मोठं सुलट आणि खाली त्याच्या समोरच्या बाजूला लहान उलटं, दोन्ही वाकलेली. मग वाचलेला क्रम आठवून फुग्याच्या डोक्याकडे रुपेरी आणि सोनेरी, खाली निळा, हिरवा, गुलाबी असे अगदी पातळ हात द्या. क्रम बरोबर असला की फुगा ओला वाटतो.

फेसाची छाप

लहान मुलांसोबत करायला हा सगळ्यात सोपा भाग. वाटीत पाव वाटी पाणी, दोन चमचे लिक्विड आणि दोन चमचे पोस्टर कलर किंवा शाई घ्या. रंग कमी पडला तर छाप उमटत नाही, म्हणून आधी एका कागदावर थेंब टाकून तपासा. स्ट्रॉला वरच्या टोकापासून बोटभर अंतरावर सुईने भोक पाडा, म्हणजे मुलाने चुकून ओढलं तरी पाणी तोंडात जात नाही. वाटी थाळीत ठेवून फुंका. फेसाचा घुमट काठाच्या वर आला की थांबा आणि कागद वरून अलगद टेकवा. दाबू नका. लगेच सरळ वर उचला.

कागदावर जाळी उमटते, कारण फेसात द्रव बुडबुड्यांच्या पापुद्र्यांतून निघून त्यांच्या कडांमध्ये साचतो, आणि रंगही त्याच्याबरोबर तिथेच जातो. लगेच छाप घेतली तर रेषा जाड आणि ओघळलेल्या येतात. अर्धा मिनिट थांबून घेतली तर पाणी आणखी निथळतं आणि रेषा केसासारख्या बारीक येतात. मला दुसऱ्या जास्त आवडतात. कागद १५० ते २०० जीएसएमचा घ्या, त्याहून पातळ कागद ओलाव्याने सुरकुततो. पावसाळ्यात छापा वाळायला दिवस लागतो. पंख्याखाली अर्धवट वाळल्या की दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून जड पुस्तकांखाली दाबा.

एका रंगाची छाप पूर्ण वाळल्यावर तिच्यावर दुसऱ्या रंगाची घेता येते. आहेराची पाकिटं, राखीबरोबरची शुभेच्छापत्रं, वह्यांची कव्हरं यांना हे कागद फार शोभतात. हातकागदावर छापून त्याचा आकाशकंदील केला तर आतला दिवा लागल्यावर ती जाळी भिंतीवर दिसते. निळा आणि हिरवा त्यात चांगले खुलतात, पिवळा दिव्याच्या उजेडात हरवतो.

तारेच्या चौकटी आणि स्टेशनांचा नकाशा

बेल्जियन शास्त्रज्ञ जोसेफ प्लातो याने १८७३ मध्ये फेसाचे नियम मांडले. साबणाचे पापुद्रे एका कडेवर मिळतात तेव्हा नेहमी तीनच मिळतात, १२० अंशांवर. आणि कडा एका बिंदूत मिळतात तेव्हा नेहमी चारच मिळतात, साधारण १०९.५ अंशांवर. तो तेव्हा पूर्ण आंधळा होता. प्रयोग इतरांच्या डोळ्यांनी आणि हातांनी होत होते.

हार्डवेअरच्या दुकानातून १८ गेजची तार आणा, ६ सेमी बाजूचा घन करा आणि वर धरायला दांडी जोडा. बुडवून काढलात की पापुद्रे घनाच्या सहा बाजूंवर बसत नाहीत. बारा कडांपासून बारा पापुद्रे आत वळतात आणि मधोमध एक छोटा चौकोन तयार होतो. स्ट्रॉने नेमका तिथे एक बुडबुडा सोडला तर फुगीर भिंतींचा चौकोनी बुडबुडा मिळतो. तो बघून मोठी माणसंसुद्धा हरखून जातात.

आता माझा सर्वांत लाडका प्रयोग. पारदर्शक ॲक्रिलिकचे १५ सेमीचे दोन चौकोनी तुकडे घ्या. खाली मुंबईचा नकाशा ठेवून चर्चगेट, दादर, अंधेरी, कुर्ला, ठाणे, वाशी इथे खुणा करा. दोन्ही तुकड्यांना त्या जागी भोकं पाडा आणि मध्ये २ सेमी अंतर राहील असे लांब स्क्रू बसवा. हे सगळं साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू बाहेर काढा. वरून बघितलं तर स्टेशनांना जोडणाऱ्या सरळ रेषा दिसतात, आणि मध्येच कुठेतरी, जिथे स्टेशन नाही तिथे, तीन रेषा १२० अंशांवर भेटतात. पापुद्रा स्वतःचं क्षेत्रफळ कमीत कमी करू बघतो, म्हणून रस्त्यांची एकूण लांबी कमी होत जाते. वेगळ्या कोनातून बुडवलंत तर वेगळं जाळं येईल. प्रत्येक जाळं त्याच्या आसपासच्या शक्यतांत सर्वांत आखूड असतं, सगळ्यांत आखूड असेलच असं नाही. प्रत्येकाचा वरून फोटो घ्या, रेषा ट्रेस करा, आणि त्यातून नक्षी, बोधचिन्ह, खिडकीची जाळी काय हवं ते काढा.

जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ओटोने ताणलेल्या छपरांचे आकार अशाच साबणाच्या पापुद्र्यांवरून अभ्यासले, आणि म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिम्पिक स्टेडियमच्या छपरामागे तो अभ्यास आहे. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिम्पिक जलतरण केंद्राची रचना वेअर आणि फेलन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या फेसाच्या रचनेवर बेतलेली आहे.

सोसायटीच्या आवारातले मोठे फुगे

यासाठी पाणी वेगळं लागतं: एक लिटर पाणी, ५० मिलि लिक्विड, २ ते ३ ग्रॅम गवार गम आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. गवारीच्या बियांपासून केलेली ही पावडर क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या. तिच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, त्यामुळे पापुद्रा ताणला तरी लगेच तुटत नाही.

मीटरभर लांबीच्या दोन काठ्यांच्या टोकांना सुती सुतळी बांधा, वरची ८० सेमी आणि खालची तिच्या दुप्पट, खालच्या सुतळीच्या मध्यावर एक नट अडकवा. नायलॉनची दोरी पाणी धरत नाही, ती घेऊ नका. काठ्या जवळ ठेवून सुतळी बुडवा, वर उचला, सावकाश उघडा आणि वाऱ्याकडे पाठ करून मागे चालत जा. फुगा पुरेसा लांब झाला की काठ्या पुन्हा जवळ आणा, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल आणि तो सुटेल. पाऊस नुकताच थांबलेला असावा आणि वारा पान हलेल इतकाच असावा. मुलांना गवतावर उभं करा, फरशीवर नाही, आणि फुग्याच्या अगदी खाली तोंड वर करून बघू देऊ नका, फुटल्यावर साबण डोळ्यांत जातो.

गवार गमचं पाणी तीन-चार दिवसांत आंबतं, त्याला वास आला की टाकून द्या. ग्लिसरीनचं पाणी झाकून ठेवलं तर कित्येक आठवडे चालतं. दर वेळी वापरण्यापूर्वी तळाचं हलकेच ढवळा आणि वरचा फेस काढा.